लाय, ले आणि हिवरावरची फडकी

"मास्तर, मानूस निजला काय आन् निजवला काय, पाठ भुईलाच लागती ना त्याची? मंग दोन शबुद कशाला पायजेत?"

"निजणारा वेगळा आणि निजवणारा वेगळा, म्हणून." मार्तंड मास्तर ओसरीवर पाटावर बसून सुपारी कातरत होते. "तू निजतोस. तुझी झुंबरबाई लेकराला निजवते. उद्या ती म्हणाली, 'मी लेकराला निजले', तर तू काय म्हणशील?"

"म्हनंन, हिला ताप भरलाय."

"मग चांदमारीवरच्या तुझ्या साहेबाला तेच वाटतं. लाय म्हणजे निजणं, पडून राहणं. ले म्हणजे निजवणं, खाली ठेवणं. तू फोनवर सांगितलंस, माणसं ले करतात."

"आन् त्यो म्हनला, ले तर कोंबड्या करत्यात."

पायरीवर आसाराम बसला होता. त्यानं तोंड फिरवून हळूच कॉक् कॉक् केलं. इंग्रजीत अंडं घालण्यालाही ले म्हणतात, हे त्याला महिन्याभरापूर्वीच कळलं होतं, आणि तेवढ्या एका इंग्रजीवर त्यानं कामावरची सगळी टोळी हसवत ठेवली होती.

"आसाराम, तू हिथनं ऊठ," कारभारी म्हणाला.

"उठू, का उठवतोस?"

मास्तरांचा अडकित्ता थांबला. "बघ. ह्याला कळलं."

"त्याला कळून काय उपेग? फोन माझ्या हातात हाय." कारभारीनं मुंडाशाच्या शेवानं कपाळ पुसलं. थंडीचे दिवस होते, तरी त्याला घाम होता. "सांगा पुढलं."

"लाय, ले, लेन. आज निजतो तो लाय, काल निजला तो ले."

"थांबा. काल निजला त्यो ले? आन् निजवतो त्यो बी ले?"

"हो."

"म्हंजी ह्यांनीच घोळ घातलाय की. आन् शिव्या मला."

"तो अपवाद आहे, कारभारी. नियम डोक्यात राहतो, अपवाद निसटतो. माणूस फसतो तो अपवादापाशी. म्हणून अपवाद पाठच करायचे. म्हण, लाय, ले, लेन."

कारभारी म्हणाला. भिंगारच्या त्या बोळातून जाणारी माणसं थबकून बघत. चाळिशी उलटलेला, राठ मिशांचा गडी पोरागत मान हलवत घोकतोय, आणि मास्तरांच्या दारात त्यानं डोक्यावरून आणलेली बाभळीच्या सरपणाची मोळी पडलीय. मास्तर पैसे घेत नसत. सरपण घेत.

कारभारी आमच्या वस्तीचा. भिंगारच्या पलीकडं, माळ ओलांडून गेलं की खडकाळ उतारावर आमची घरं. रान असं की पाऊस बरा झाला तर बाजरी, न्हाई तर कुसळं. म्हणून वस्तीतली निम्मी माणसं कॅम्पात, लष्कराच्या कामाला. कारभारी मिसरूड फुटायच्या आधी घोड्यांच्या पागेत गवत टाकायला लागला. पुढं घोडी गेली, रणगाडे आले. रणगाड्याला गवत लागत न्हाई. मग कारभारी चांदमारीवर गेला आणि होता होता तिथं मुकादम झाला.

त्याच्या नावाची एक गंमत होती. आमच्याकडं बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात. ह्याचं नावच कारभारी. त्यामुळं वस्तीतली कुठलीही बाई त्याला हाक मारायची तर आधी लाजायची. आणि त्याची स्वतःची बायको झुंबरबाई, तिला तर नवऱ्याचं नावच घ्यायची बंदी, म्हणून ती ह्या शब्दाच्या जवळपास जायची न्हाई. ती नुसतं "अवं" म्हणायची.

इंग्रजी तो पागेत शिकला. घोडं जसं शिकतं तसं. ह्या आवाजाला थांबायचं, त्या आवाजाला चालायचं. एकाही क्रियापदाला त्यानं कधी विचारलं न्हाई की बाबा तू कुठल्या काळातला. जुना साहेब होता तोवर हे चाललं. "साहेब, फ्लॅग राइज, पब्लिक इन," म्हटलं की जुना साहेब "ठीक" म्हणायचा आणि गोळी थांबायची. व्याकरण न्हाई म्हणून कधी गोळी सुटली, असं झालं न्हाई.

पण आमच्या बोलीला तरी कुठं पुस्तक आहे? तरी नियम आहेत. आमच्या पोरानं 'गेल्तो'च्या जागी 'गेल्तोत' म्हणून बघावं, बांधावरची म्हातारी सुद्धा हसंल. नियम अंगात असतो तोवर कुणी त्याला नियम म्हणत न्हाई. कारभारीची अडचण एवढीच की इंग्रजीचा नियम त्याच्या अंगात नव्हता आणि नवा कप्तान तो अंगात बघायला निघाला होता.

आता चांदमारी कशी, ते सांगितलं पाहिजे. मोठा माळ. एका अंगाला मुरमाड टेकडी, गोळ्या तिच्यात रुतायच्या. टेकडीपुढं लाकडी फळ्या उभ्या करायच्या, त्यांवर कागद डकवायचा. पलटणीनं गोळ्या मारल्या की कागदाला भोकं पडायची. मग आमच्या टोळीनं आत जायचं, पिठाची खळ लावून भोकांवर ठिगळं डकवायची, मातीतलं शिसं वेचायचं आणि बाहेर यायचं. बाहेर आलं की पुन्हा गोळ्या.

माळाच्या कडंला उंचवट्यावर एक काठी होती, तिच्यावर तांबडा झेंडा. झेंडा वर तर माणसं आत, गोळी मारायची न्हाई. सगळी बाहेर आली की मुकादमानं झेंडा उतरवायचा आणि कातडी पेटीतल्या फोनचा दांडा फिरवून पलीकडं साहेबाला सांगायचं, साफ आहे. पलीकडं म्हणजे अर्ध्या मैलावर, जिथं पलटण पालथी पडून नेम धरून असायची.

माणसं बाहेर आली की न्हाई, हे ओळखायची आमची एक रीत होती. झेंड्याजवळ हिवराचं झाड होतं. सकाळी आत जाताना जो तो आपलं भाकरीचं फडकं हिवराच्या फांदीला टांगायचा. मुंग्या लागू नयेत, कुत्र्यानं न्यायला नको. दुपारी बाहेर आला की आपलं फडकं सोडायचा आणि सावलीला बसायचा. टोळीत तीन-चार जातींची माणसं. कुणाची भाकर कुणी शिवायचं न्हाई. म्हणून एकाचं फडकं दुसरा चुकूनही सोडायचा न्हाई. शिवाशिवीचा काही उपयोग झालेला आम्ही पाहिला तो एवढाच. फांदीवर फडकं लोंबतंय म्हणजे त्याचा धनी आत आहे. झाड मोकळं तर माळ मोकळा. जुन्या साहेबाच्या वेळेपासून हे कधी चुकलं न्हाई.

नवा कप्तान आला त्रेचाळीस सालच्या दिवाळीनंतर. गोरा, तरुण, कोवळ्या मानंचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं फोनवर कोंबडीची गोष्ट केली. दुसऱ्या आठवड्यात कारभारीला बोलावून सांगितलं, फोनवरचा निरोप पुऱ्या, शुद्ध वाक्यात आला पाहिजे. अर्धवट बोलण्यावर मी बंदुका सोडणार न्हाई आणि थांबवणारही न्हाई. नाताळाच्या आधी मी स्वतः फोनवर ऐकीन. जमलं न्हाई तर डेपोतला एक बाबू झेंड्यापाशी खुर्ची टाकून बसेल.

आणखी एक हुकूम त्यानं दिला. एकदा उतरवलेला झेंडा फोनवर विचारल्याशिवाय पुन्हा चढवायचा न्हाई. चढवला तर मुकादम त्याच दिवशी घरी.

बाबू काय करतो, ते टोळीला ठाऊक होतं. पलीकडच्या एका चांदमारीवर असाच बाबू होता. इंग्रजी फर्डं. त्यानं खुर्चीवरून न उठता "साफ आहे" सांगितलं आणि एका धनगराचा पाय गुडघ्यातून गेला. बाबूला माणसं ओळखू येत नव्हती. त्याला वाटलं होतं, सगळी मोजली.

"कारभारी, तू घोक बाबा," राहीबाई त्याला म्हणाली होती. "तू झेंड्यापाशी हाईस म्हनून मी आत पाय टाकते."

राहीबाई म्हणजे आमच्या वस्तीतली विधवा, हाडाची काटकुळी, जिभेची तिखट. खळ कालवायचं काम तिचं. कारभारीला भाऊ मानायची आणि भावावर करतात तशी दादागिरी करायची.

म्हणून कारभारी घोकत होता. लाय, ले, लेन. ले, लेड, लेड. राइज म्हणजे आपण उठणं, रेज म्हणजे दुसऱ्याला उठवणं, वर चढवणं. झेंडा राइज होत न्हाई, झेंडा आपण रेज करतो. शिसं वेचताना घोके, बैलाला पाणी पाजताना घोके. झुंबरबाई म्हणायची, "अवं, बैल बी इंग्रजी बोलंल." मास्तरांनी त्याला परीक्षेसाठी दोन वाक्यं बेतून दिली होती, दोन्ही अवघड क्रियापदं त्यात बरोबर जागी बसवून. "सर, आय हॅव लेड द फ्लॅग डाउन. नोबडी लाइज इन द फील्ड." म्हणजे, साहेब, झेंडा मी खाली ठेवलाय, रानात कुणीही पडलेलं न्हाई. कारभारीला ती वाक्यं आवडली होती. तोंडात धरली की वजनदार वाटायची.

कप्तानानं दिवस कळवला. त्या दिवशी दुपारच्या निरोपाला तो स्वतः फोन धरणार होता.

दिवस सकाळपासून कोरडा, वाऱ्याचा. टोळी आत गेली. हिवराला फडकी लागली. कारभारी झेंड्यापाशी उभा राहून ओठ हलवत होता. माळावरची माणसं त्याला दिसत होती, पण त्याचं ध्यान माणसांत कमी आणि ओठांत जास्त होतं. हे त्यानंच पुढं सांगितलं.

ऊन डोक्यावर आलं. टोळी बाहेर आली. एकेकानं फडकं सोडलं. आसारामनं आपलं सोडताना कॉक् कॉक् केलं. कुणी हसलं न्हाई, सगळ्यांना माहीत होतं आज काय आहे. कारभारीनं झाडाकडं पाहिलं. फांद्या मोकळ्या. एकही फडकं न्हाई. त्यानं दोरी सोडून झेंडा उतरवला, घडी घालून दगडावर ठेवला आणि फोनचा दांडा फिरवला.

पलीकडं कप्तान होता.

कारभारीनं टाचा जुळवल्या, फोनवर दिसत नसतानाही. "सर, आय हॅव लेड द फ्लॅग डाउन." श्वास घेतला. "नोबडी लाइज इन द फील्ड."

मग कप्तानाचा आवाज आला, अगदी मऊ. "पर्फेक्ट, मुकादम."

कारभारीनं फोन पेटीत ठेवला.

"काय म्हनला?" आसारामनं खालनं विचारलं.

"परफेक्ट म्हनला."

"म्हंजी?"

"म्हंजी कोंबडी न्हाई."

हिवराखाली हसण्याची लाट उठली. बायांनी भाकरी उलगडल्या. झुंबरबाईही टोळीत होती, तिनं ठेचा वाढला आणि पदराची गाठ सोडायला घेतली. गाठीत दोन उकडलेली रताळी होती, राहीबाईसाठी आणलेली. त्या दिवशी संकष्टी होती. टोळीत संकष्टी धरणारी एकटी राहीबाई, आणि तिचीही ही पहिलीच. उपास म्हणून तिनं भाकर आणली नव्हती, आणि भाकर न्हाई म्हणून फडकंही न्हाई.

झुंबरबाईनं मान वर करून बायांकडं पाहिलं. एकदा ह्या टोकापासून त्या टोकाला, एकदा त्या टोकापासून ह्या टोकाला. रताळी तिच्या हातात तशीच राहिली.

"राही कुटं हाय?"

बायांनी माना वळवून एकमेकींत शोधलं.

"खळीचं गाडगं धुयाला ओघळीत गेल्ती," एक बाई म्हणाली. "मला म्हनली, तुमी जा जेवाया, मला काय खायचंय."

ओघळ म्हणजे फळ्यांच्या मागचा नाला. उंचवट्यावरनं फळ्या दिसायच्या, ओघळ दिसायची न्हाई.

झुंबरबाई उठली. झेंड्यापाशी नवरा पाठमोरा होता आणि वारा उलटा होता. "अवं" म्हटलं तर टोळीतल्या पाच बाप्यांनी वळून पाहिलं असतं. ती पळत सुटली आणि जन्मात पहिल्यांदा तिनं नवऱ्याचं नाव घेतलं.

"कारभारी... राही आत हाय."

बायांचे घास थांबले. नाव ऐकून की निरोप ऐकून, हे कुणाला सांगता आलं नसतं.

साफ आहे म्हटल्यापासून पहिली गोळी सुटेपर्यंत एक बिडी ओढून होईल एवढाच वेळ असे. त्यातली निम्मी बिडी जळून गेली होती. कारभारीला काय करायचं ते दिसत होतं. फोन उचलायचा आणि आत्ताच 'पर्फेक्ट' म्हणालेल्या माणसाला सांगायचं की माझा निरोप खोटा आहे. त्यानं मनात खुर्चीवरचा बाबू झेंड्यापाशी बसलेला पाहिला, टोळी त्याच्या हवाली झालेली पाहिली. आणि दांडा फिरवला.

फोनवर कप्तान नव्हता. तो पुढं पलटणीकडं गेला होता. गोरा शिपाई होता. "येस?"

"वन वुमन," कारभारी म्हणाला.

आणि थांबला.

वन वुमन काय? पडलीय का? बसलीय? त्याला दिसत नव्हतं. पडली असंल तर लाइज. पण तिला कुणी पाडलं असंल तर? लेज? लेड? मास्तरांचं बोट समोर हलायला लागलं. लाय, ले, लेन. महिनाभर घोकलेली सगळी क्रियापदं दारात येऊन उभी राहिली, आणि दार एवढंसं.

"वन वुमन व्हॉट?" शिपाई म्हणाला.

पलीकडून मशिनगन सुरू झाली. मुरमाच्या टेकडीवर धुळीची ओळ उठली.

"नो फायर," कारभारी ओरडला. "वुमन इन. वुमन लाय, वुमन ले, नो फायर, नो फायर."

त्याच्या पाठीमागं झुंबरबाईनं दगडावरचा झेंडा उचलला होता. तो दोरीला अडकवायला तिला गाठ येत नव्हती. तिनं मंगळसूत्राची वाटी दातात धरली, कारण ती मध्ये येत होती, आणि पदराला घालतात तशी बायकी गाठ मारली.

"झुंबरवैनी, साहेबाच्या हुकमाबिगर झेंडा..." आसाराम म्हणाला.

"तू भाकर खा," झुंबरबाई म्हणाली आणि दोरी ओढली.

मशिनगन आणखी थोडी वाजली. मग थांबली. माळावर धूळ तरंगत राहिली. फोनमधून शिपायाचा आवाज येत होता, काहीतरी विचारत होता. कारभारीनं फोन आसारामच्या हातात कोंबला.

"काय बी बोलला तरी नो फायर म्हन."

"आन् त्यो दुसरं काय इचारलं तर?"

"तरी त्येच."

आसारामनं फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि मारुतीचा जप केल्यागत सुरू केलं, नो फायर, नो फायर, नो फायर. तो कप्तान येईपर्यंत थांबला न्हाई. पलीकडच्या शिपायानं त्याला दोनदा शिवी दिली, तीही त्यानं ऐकली न्हाई.

कारभारी माळात उतरला. आत जायची परवानगी त्यानं मागितली नव्हती. फळ्यांवरचे नवे कागद चाळणी झाले होते. काही गोळ्या फळ्यांच्या खालून गेल्या होत्या, जमिनीला नांगराच्या तासागत चर पडला होता. तो चर सरळ ओघळीकडं गेला होता. कारभारी चालत होता, पळत नव्हता. का पळाला न्हाईस, असं पुढं कुणी विचारलं तर म्हणाला, पोचायची घाई नव्हती मला. पोचल्यावर काय दिसंल, ह्येची भीती हुती.

ओघळीच्या काठाशी तो थांबला. खाली पाहिलं.

राहीबाई मुरमात पालथी पडली होती. दोन्ही हात डोक्यावर. शेजारी गाडग्याची खापरं आणि पांढऱ्या खळीचा ओघळ. हालचाल नव्हती.

"राही," तो म्हणाला.

तिनं एक डोळा उघडला. "थांबलं का?"

"थांबलं."

"मला वाटलं, मीच भैरी झाले." ती उठून बसली. कोपर सोलून रक्त आलं होतं. तिनं खापरांकडं पाहिलं. "गाडगं फुटलं."

"फुटू दे."

"फुटू दे काय? सांजच्याला खळ कशात कालवू, तुझ्या मुंडाशात?" ती म्हणाली आणि उठायला लागली. कारभारीनं हात पुढं केला. तिनं तो धरला न्हाई. ओघळीचा काठ धरून उठली. वर येताना तिला चर दिसला. तिनं खाली बसून त्यात हात घालून पाहिला.

कप्तान जीपमधून आला. तोंड पांढरं पडलं होतं, रागानं की दुसऱ्या कशानं, कोण सांगणार. त्याला उभ्याउभ्याच कारभारीनं सलाम केला.

"तू मला सांगितलंस रानात कुणी नाही," कप्तान इंग्रजीत म्हणाला. कारभारीला ते सगळं कळलं, एक महिन्यापूर्वी कळलं नसतं. "वाक्य उत्तम होतं. खरं नव्हतं."

"येस, सर."

"का?"

कारभारीनं हिवराकडं बोट केलं. "सर, ट्री. ब्रेड, सर. ब्रेड नो, वुमन..." आणि मग हात खाली केला. संकष्टी, उपास, फडकं, शिवाशिव, हे कुठल्या क्रियापदात बसवायचं? मास्तरांनी बेतलेल्या वाक्यात झाड नव्हतं. कप्तान मोकळ्या फांद्यांकडं बघत राहिला. मग राहीबाईकडं पाहिलं. ती झुंबरबाईनं दिलेलं रताळं हातात धरून बसली होती, खात नव्हती.

शेवटी कप्तानाबरोबरच्या जमादारानं हिंदुस्तानीत विचारून घेतलं आणि त्याला सांगितलं. कप्तान हिवरापाशी गेला.

"ह्या झाडाचं मला कुणी का नाही सांगितलं?"

कारभारी वस्तीवर आल्यावर आसारामला म्हणाला, "त्यानं मला याकरन इचारलं. झाड कवा इचारलं?"

गोळी कशानं थांबली, हा वाद आमच्याकडं पुढं बरीच वर्षं चालला. कप्तानाचं म्हणणं, त्याला झेंडा वर जाताना दिसला म्हणून त्यानं हात वर केला. फोनवरचा शिपाई म्हणाला, मी 'नो फायर' ऐकून आधीच ओरडलो होतो. आसाराम शिपायाच्या बाजूचा, बाया झुंबरबाईच्या. झुंबरबाईला विचारलं तर म्हणायची, "गोळीलाच इचारा."

निकाल मात्र त्याच दिवशी झाला. झेंडा हुकमाशिवाय चढवला, ते कप्तानानं सोडून दिलं. पण सोमवारपासून फोनवर डेपोतला बाबू बसेल. मुकादमानं टोळी आणि दोरी सांभाळावी.

घरी जाताना कारभारी बायकोला म्हणाला, "नाव घेतलंस आज माझं. चारचौघांत."

"मंग काय, ती मरंस्तवर अवं अवं करू?" ती म्हणाली. "आन् तुमास्नी सकाळी म्हनले हुते, आज राहीची चतुर्थी हाय, रताळी उकडायचीत. तुमी काय म्हनला, ठावं हाय का?"

"काय?"

"लेड, लेड."

सोमवारी पहाट फुटल्यावर कारभारी सरपणाची मोळी घेऊन मास्तरांच्या दारात गेला. सगळं सांगितलं. मास्तर सुपारी कातरत ऐकत होते.

"मास्तर, तुमचं वाक्य सरळ निगालं आन् खोटं निगालं. माझं वाकडं निगालं आन् खरं निगालं. मंग याकरनाचा उपेग काय?"

"वाक्य व्याकरणानं खोटं झालं नाही," मास्तर म्हणाले. "तू झाड बघितलंस, माणसं बघितली नाहीस. झाड हा तुझा नियम. चांगला नियम. पण अपवाद पाठ नव्हता."

"अपवाद राहीबाई."

"अपवाद राहीबाई." मास्तरांनी खांड अडकित्त्यात धरलं. "एक सांग. पहिली गोळी सुटली तेव्हा तू फोनवर काय बोलत होतास?"

"काय न्हाई. लाय का ले, ह्येचा इचार करत हुतो."

अडकित्ता मास्तरांच्या हातात उघडाच राहिला. बोळातून कुणाची तरी बैलगाडी गेली.

"घाईच्या वेळी मुरलेलं असेल ते बोलावं," मास्तर शेवटी म्हणाले. "पाठ केलेलं बोलायला जाऊ नये. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं." त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं न्हाई, तबकात ठेवलं. "आता फोन तुझ्याकडं नाही. शिकणं बंद करायचं?"

"बंद कसं? त्यो बाबू फोनवर काय सांगतो, ते मला कळाया पायजे." कारभारी उठला. "ऐतवारी येतो. राइज रोज रिझन ऱ्हायलंय."

त्या दिवशी चांदमारीवर बाबू खुर्ची टाकून बसला होता. चष्मा, इस्त्रीचा सदरा, बरोबर पाण्याची सुरई. दुपारी टोळी बाहेर आली. हिवरावरची फडकी सुटली. राहीबाईचं फडकंही होतं, आत भाकर असलेलं. आता रीत अशी ठरली होती की उपासाच्या दिवशीसुद्धा प्रत्येकानं रिकामं का होईना, फडकं टांगायचंच. रिकाम्या फडक्याला वाऱ्यानं उडू नये म्हणून आत दगड बांधायचा.

"साफ है?" बाबूनं फोनकडं हात नेत विचारलं.

कारभारीनं झाड पाहिलं. मग सावलीला बसलेल्या एकेकाचं नाव घेतलं, आणि जो तो "हाय" म्हणाला. मग तो उंचवटा उतरून माळ ओलांडत ओघळीपर्यंत गेला, काठावर उभा राहून खाली पाहिलं आणि तसाच सावकाश परत आला. बाबूनं तोवर दोनदा घड्याळ पाहिलं होतं.

कारभारीनं दोरी सोडली. झेंडा खाली आला.

"व्हय," तो म्हणाला. "सांगा आता."

बाबू दांडा फिरवून इंग्रजीत बोलू लागला. कारभारी कान देऊन ऐकत होता. वाक्य संपलं तशी त्यानं मान हलवली आणि हिवराखाली गेला. राहीबाई नव्या गाडग्यात पीठ चाळत होती. कोपराला अजून चिंधी होती. त्यानं तिच्या हातातलं गाडगं घेतलं, पाणी ओतलं आणि गुठळ्या फोडत खळ कालवायला लागला. दुसऱ्या पाळीचे कागद डकवायचे होते.